गप्प बसायची सोय नव्हती

"सर, ही मुलगी एरवीही बोलत नाही. टेबलावर काय बोलणार?"

आवाज पडद्यापलीकडून आला. हळूच बोलल्या होत्या, पण वॉर्डातला पडदा म्हणजे शेवटी कापडच. मी उशीला टेकून बसले होते. आई पायाशी बसून डाळिंब सोलत होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनंही माझ्याकडे पाहिलं नाही.

"बोलावंच लागेल," डॉक्टर म्हणाले. "ती मध्येच गप्प झाली तर मला कसं कळणार? माझ्या हातून काही झालं, की तिचा स्वभावच तसा?"

पावलं लांब गेली. आईनं दाणे वाटीत काढले, वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खा."

बोलणाऱ्या होत्या पल्लवी मॅडम, आमच्या हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्ट. चार दिवसांनी माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन होतं आणि ते मला जागं ठेवून करायचं होतं. डॉक्टर मेंदूच्या एकेका जागेला अगदी बारीक करंट लावणार. त्या वेळी मॅडम मला चित्रं दाखवणार आणि मी त्यांची नावं सांगणार. जिथं करंट लागल्यावर माझा शब्द अडेल, ती जागा बोलण्याची. तिथं चाकू लावायचा नाही. थोडक्यात, डॉक्टरांना वाट दाखवायला माझ्या आवाजाशिवाय दुसरं काही नव्हतं.

आणि मी एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. ती नोकरी मी का घेतली हे कधी कुणाला सांगितलं नाही, पण दारावर "शांतता राखा" अशी पाटी होती हे एक कारण नक्कीच होतं.

त्या आठवड्यात मी मोबाइलवर खूप शोधलं. जागेपणी असं ऑपरेशन झालेल्या कुणी साध्या मराठीत काही लिहिलं आहे का? मला तरी सापडलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी लिहू शकते आहे म्हणजे वाचले हे तुम्हाला कळलंच. पण लिहिणं वेगळं आणि बोलणं वेगळं, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

रॉकेल

सुरुवात वासानं झाली. लायब्ररीत पुस्तकांवर नंबर चिकटवत असताना अचानक रॉकेलचा वास यायचा. पोटात काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं आणि वाटायचं की हे सगळं आधी एकदा होऊन गेलं आहे. हेच पुस्तक, हीच खिडकी, बाहेर रिक्षाचा हाच हॉर्न. अर्ध्या मिनिटात सगळं जायचं. पहिल्यांदा मी उठून शाळेच्या चहाच्या खोलीपर्यंत जाऊन आले. तिथं गॅसची शेगडी होती. रॉकेल कुठंच नव्हतं.

चार महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, आणि मला नेहमीच पुढच्या प्रश्नाची भीती वाटते.

मग एका दुपारी सहावीच्या वर्गाचा वाचनाचा तास चालू असताना मला फिट आली. त्यातलं मला काहीच आठवत नाही. वास आठवतो, आणि त्यानंतर एकदम एक चप्पल आठवते. शिपाई मावशींनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली होती. त्यांनी ते मायेनं केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुणाला फिट आली तर चप्पल, कांदा, दातांत चमचा यातलं काही करू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि घड्याळ बघा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखान्यात न्या.

"अटॅकच्या आधी काही जाणवतं?" डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं.

मी टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "रॉकेलचा वास येतो."

आई हसली. "आता कुटं रॉकेल, बाय? दहा-बारा गल्ल्या फिरलं तरी घावायचं न्हाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पॅड पुढं ओढलं आणि एमआरआयची चिठ्ठी लिहिली.

नंतर त्यांनी समजावून सांगितलं ते मला फार आवडलं होतं, भीती वाटत असतानाही आवडलं होतं. वास नाकात येतो असं आपल्याला वाटतं, पण त्याची ओळख मेंदूत पटते. तिथंच जवळ काही बिघडलं आणि ठिणगी उडाली, तर बाहेर काहीच नसताना मेंदू आतल्या साठ्यातला एखादा जुना वास काढून हातात देतो. माझ्या मेंदूनं रॉकेल काढलं होतं. आईनं घरी आल्यावर आठवून सांगितलं की सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या पहिल्या खोलीत स्टोव्ह होता आणि मी चार वर्षांची होईपर्यंत त्याच्या शेजारीच बसून असायचे. मला तो स्टोव्ह आठवत नाही. माझ्या मेंदूला आठवत होता.

रिपोर्टच्या दिवशी पप्पाही सुट्टी घेऊन आले. ते रेल्वेत होटगीच्या बाजूला कीमन आहेत. रोज खांद्यावर हातोडा घेऊन रूळ तपासत जाणं हे त्यांचं काम. डॉक्टरांनी फिल्म काचेवर लावली. राखाडी रंगात एक पांढरट आवळा दिसत होता. ती गाठ बोलण्याच्या भागाला अगदी लागून होती. डॉक्टर जागेपणीच्या ऑपरेशनबद्दल सांगत होते तेव्हा पप्पांनी एकही प्रश्न विचारला नाही. खाली गाडीपाशी आल्यावर मात्र ते आईला म्हणाले, "आमी रुळावर हातोडा मारत जातो का न्हाय? खणखणीत वाजलं की म्होरं जायाचं. बद्द वाजलं की तितं खूण करायची. ह्ये तसंच हाय. हिचा आवाज बंद झाला की तितं खूण. तितं हात लावायचा न्हाय."

"पोरगी रूळ हाय व्हय तुमची?" आई म्हणाली. मग गाडीचं हँडल धरून ती रडायला लागली.

फॉर्म

आता मी केलेली चूक सांगते.

भरती झाल्यावर पल्लवी मॅडम फॉर्म घेऊन आल्या. नाव, वय, उजवा हात की डावा. मग त्यांनी विचारलं, "ऋतुजा, रोजच्या वापरात कोणती भाषा? घरी, विचार करताना?"

"इंग्लिश," मी म्हणाले.

आई शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी खोटं का बोलले? त्या क्षणी मला ते खोटं वाटलंही नाही. मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले. दुसरीत असताना आमच्या वर्गात लाकडाचा एक छोटा चौकोन होता, त्याला दोरा बांधलेला. मराठीत बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. मग त्यानं कान टवकारून दुसरा कुणी मराठी बोलणारा शोधायचा आणि चौकोन त्याच्या गळ्यात घालायचा. माझ्या गळ्यात तो दोनदा आला. त्यानंतर मला एक युक्ती सापडली. जो काहीच बोलत नाही, त्याला चौकोन मिळत नाही. शिक्षक म्हणाले, किती शांत मुलगी. घरी म्हणाले, शाळेनं पोरीला वळण लावलं.

आई माळशिरसकडच्या एका वाडीतली. लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हापासून घरी मशिनीवर टॉवेलच्या कडा शिवते. तिची बोली हाय-न्हायची. बाळ असताना मीही तशीच बोलायचे म्हणे, तिला "आये" म्हणायचे. शाळेत गेल्यावर "आई" झालं. अकरा वर्षांची असताना मी एकदा मैत्रिणींसमोर तिला म्हणाले, "पानी नाही, पाणी म्हण."

ती हसून म्हणाली, "तू म्हन. मी पिते."

मैत्रिणी हसल्या आणि मीही हसले. पण त्यानंतर माझ्याकडे कुणी आलं की आई फक्त चहा ठेवायची आणि आत जायची. मी तिच्याशी पुस्तकातलं मराठी बोलत राहिले, तेही मोजकंच. हो. नको. ठेव. येते.

तर चाचणी इंग्लिशमध्ये झाली. छत्री, शिडी, पतंग, घड्याळ. मी एकही चित्र चुकले नाही. सलग दोन दिवस मॅडमनी सगळी चित्रं घेतली आणि "एक्सलंट" म्हणाल्या. आई स्टुलावर बसून बघत होती. मला वाटलं, तिला कौतुक वाटत असेल.

पिशवी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटची चाचणी संपली आणि मॅडम उठल्या, तेव्हा आईही उठली.

"मॅडम, एक इचारू का? राग येनार न्हाय न्हवं?"

"विचारा की, काकू."

"ही चित्रं इंग्लिसमदीच का?"

"तिची भाषा इंग्लिश आहे ना?"

"कुनी सांगितलं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी चादरीकडे पाहिलं. पलीकडच्या पलंगावरच्या आजीबाईंनी ट्रान्झिस्टरचा आवाज बारीक केला. वॉर्डात काही लपत नाही.

"आई, राहू दे," मी म्हणाले.

"राहू दे काय? उद्या डोकं तुजं उघडनार हायती, माजं न्हाय." मग मॅडमकडे वळून ती बोलत सुटली, एवढं सलग मी तिला परक्यापुढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ही तीन वर्सांची हुईस्तोवर बोलत न्हवती, मॅडम. मला लई घोर लागला हुता. घरात खेळनी न्हवती. मी मशिनीवर बसायची, ही माज्या भांड्यात बसायची. मी तितनंच नाव घ्यायची, पळी कुटं हाय? ही पळी उचलून दावायची. झारा कुटं हाय? झारा दावायची. तोंडातनं शबुद न्हाय. मग एक दिवस आपनच सगळी नावं घेत बसली, एकामागं एक. तितनं हिचं बोलनं सुरू झालंया. ह्ये इंग्लिस लई नंतरचं हाय."

मॅडम बाहेर गेल्या आणि डॉक्टरांना घेऊनच आल्या. डॉक्टर माझ्या पलंगाच्या कडेला बसले. "खरं सांग, ऋतुजा. घरी काय बोलतेस?"

"मराठी," मी म्हणाले. "आईसारखी. मनातल्या मनात."

मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "आज कळलं हे फार बरं झालं." मग त्यांनी सांगितलं की आईच्या मांडीवर शिकलेले शब्द आणि शाळेत शिकलेले शब्द मेंदूत प्रत्येक वेळी एकाच जागी बसलेले नसतात. बरीचशी जागा एक असते, पण काही ठिकाणं वेगळी निघू शकतात. एकाच भाषेत तपासलं तर दुसरीची जागा नकळत कापली जाईल. "आणि तू टेबलावर इंग्लिशमध्ये छान बोलत राहशील. आम्हाला कळणारही नाही."

मला घाम फुटला. रॉकेलच्या वासानं, फिटनं, सुऱ्या-कात्र्यांच्या विचारानंही असा फुटला नव्हता.

मराठी चित्रांचा संच मॅडमकडे होता, पण त्यात गवळण, नांगर, बैलगाडी असली चित्रं होती. आईनं ती उलटसुलट केली. "ही चित्रं कशाला? मी वस्तूच आनते."

ती रिक्षानं घरी गेली आणि तासाभरात टॉवेलच्या कारखान्याची कापडी पिशवी भरून परत आली. माझ्या पलंगावर तिनं एकेक वस्तू मांडली. उलथनं, पळी, झारा, सांडशी, किसणी, लाटणं, चाळण, फणी, कुलूप, दोऱ्याचं रीळ. आजूबाजूचे नातेवाईक गोळा झाले.

"काय हो, भांड्याचं दुकान मांडलं का काय?" आजीबाईंनी विचारलं.

"व्हय, घ्या की! झाऱ्यावर पळी फुकट हाय."

मॅडमनी हिरव्या चादरीवर ठेवून एकेकाचा फोटो काढला. सांडशीच्या फोटोत आईचा अंगठा आला. मॅडम पुन्हा काढणार होत्या, पण तेवढ्यात सिस्टर औषधं घेऊन आल्या आणि ते राहून गेलं.

मग सगळ्यांसमोर मला नावं घ्यायची होती. मॅडमनी नियम सांगितला. नुसता शब्द नाही, आधी "ही हाय" किंवा "ह्ये हाय" म्हणायचं आणि मग नाव. म्हणजे वाक्य चालू असताना शब्द अडला तर कळतं. "जसं घरी तोंडात येईल तसंच," त्या म्हणाल्या.

दहा-बारा माणसं बघत होती. मला गळ्याभोवती तो दोरा जाणवत होता, अगदी खरा.

"ही हाय पळी," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती पिशवीची घडी घालत बसली.

टेबल

सकाळी सिस्टरनी माझे केस हातात घेतले. मला वाटलं होतं, सगळं डोकं भादरणार. त्यांनी कानाच्या वरची एक पट्टी तेवढी काढली आणि बाकीच्या केसांची घट्ट वेणी घालून दिली. "परत गेल्यावर भांग दुसऱ्या बाजूला पाड, कळणार पण नाही," म्हणाल्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

कवटी उघडताना मला झोपवलं होतं. जाग आली तेव्हा समोर पारदर्शक प्लॅस्टिक होतं आणि त्यातून पल्लवी मॅडमचा मास्क लावलेला चेहरा दिसत होता. डोकं हलत नव्हतं. पाठीमागं पाणी ओढून घेतल्यासारखा आवाज होता. दुखत नव्हतं. साऱ्या अंगाचं दुखणं ज्याला कळतं, त्या मेंदूला स्वतःला हात लावला तर दुखत नाही. हे मला सांगितलं होतं, तरी पहिली काही मिनिटं मी दुखण्याची वाट बघत होते.

"ऋतुजा, सुरू करू या?"

आधी इंग्लिश. छत्री, घड्याळ, पतंग. मग फोटो. "ही हाय फणी. ह्ये हाय कुलूप." मास्क लावलेली सात-आठ माणसं, आणि त्यांच्यामध्ये माझं हाय-न्हाय. कुणी हसलं नाही. कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. सगळे फक्त ऐकत होते. माझं बोलणं एवढं लक्ष देऊन कुणी कधीच ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं मी दमले आणि नेहमीसारखी गप्प झाले. लगेच मागचा आवाज थांबला.

"ऋतुजा?" डॉक्टरांचा आवाज बदललेला होता. "ऋतुजा, ऐकू येतंय?"

"दमले."

मागं कुणीतरी श्वास सोडला. "दमलीस तर 'दमले' म्हण," डॉक्टर म्हणाले. "रडायचं असेल तर 'रडते' म्हण. पण गप्प नाही बसायचं. आज तुला ती सोय नाही."

मग एकदा कुठंतरी करंट लागला आणि नाकात तोच वास भरला. "रॉकेल!" मी ओरडले. एक सिस्टर दचकली. डॉक्टर म्हणाले, "सापडलं. इथंच होतं हे."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. मॅडमनी शिडीचं चित्र दाखवलं. मी इंग्लिशमध्ये बरोबर नाव सांगितलं. पुढचा फोटो आला. हिरवी चादर, आईचा अंगठा.

"ही हाय..."

काही नाही.

मला ती वस्तू माहीत होती. ती कशी उघडते, चहाच्या पातेल्याची कड कशी धरते, धरताना कसा आवाज येतो, सगळं माहीत होतं. उजवा हात आपोआप मिटायला लागला होता. पण नावाच्या जागी नुसती मोकळी जागा होती. शब्द विसरल्यावर तो जिभेवर आल्यासारखा वाटतो, तसं नव्हतं. तो शब्द जगात कधी नव्हताच, असं वाटत होतं.

"ही हाय... ही हाय..."

"स्टॉप," मॅडम म्हणाल्या. करंट काढला. दुसरी चित्रं झाली. पुन्हा त्याच जागेवर करंट, इंग्लिशमध्ये छत्री. आली. किसणीचा फोटो. गेली. पुन्हा इंग्लिश, पतंग. आलं. सांडशीचा फोटो. गेली.

"सर, इंग्लिश येतंय. घरची थांबते."

मग डॉक्टर म्हणाले, "इथं नाही जायचं," आणि त्या जागेवर त्यांनी खुणेचा कागदाचा बारीक तुकडा ठेवला.

गाठीचा तेवढा कोपरा त्यांनी तसाच सोडला. नंतर त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. पिशवी आली नसती तर त्यांनी तो कोपरा काढला असता आणि ऑपरेशन अगदी छान झालं असं सगळ्यांना वाटलं असतं.

तीन दिवस

आता कशी आहे ते आधी सांगून टाकते, कारण अशा लेखात मीही आधी तेच शोधायचे. गाठ हळू वाढणाऱ्या जातीची निघाली. राहिलेला कोपरा आहे, त्याच्यासाठी ठरलेल्या अंतरानं स्कॅन करावा लागतो. प्रत्येक स्कॅनच्या आधीचा आठवडा वाईट जातो आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही. फिटच्या गोळ्या चालू आहेत. स्कूटी बंद आहे, पप्पा सोडतात. रॉकेलचा वास त्यानंतर एकदाच आला.

आणि कुणी तुम्हाला भाषा विचारली तर सगळ्या सांगा. चटका बसल्यावर तोंडातून जी निघते ती सर्वांत आधी सांगा.

ऑपरेशननंतर मला शब्द येईनात. सूज आल्यामुळे असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पहिल्या दिवशी काहीच नाही. समजत सगळं होतं, पण उत्तराला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या तोंडून "वॉटर" निघालं. सिस्टर आनंदानं ओरडल्या. संध्याकाळपर्यंत चार-पाच शब्द आले, सगळे इंग्लिश.

आईनं ग्लास तोंडाला लावला. "आता हिच्यासाठी मानूस ठेवावा लागतोय का काय, इंग्लिस सांगायला," म्हणाली. हसवायला म्हणाली होती. मग तोंड फिरवून ग्लास धुवायला गेली.

डॉक्टर दिवसातून तीनदा येऊ लागले. एवढ्या वेळा येतात म्हणजे काळजीचं आहे, हे कळायला बोलता यावं लागत नाही. ते इंग्लिशमध्ये विचारायचे, मी अडखळत एखादा शब्द द्यायचे. मॅडम आमच्या मराठीत विचारायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. तो कोपरा सोडला होता. मग घरचे शब्द का येत नव्हते? सूज की दुसरं काही? "वेळ द्या," डॉक्टर म्हणायचे. पप्पा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून लोखंडी दांडीवर बोटाचं पेर हळूहळू वाजवत असायचे. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं.

आई रोज सकाळी पिशवी घेऊन यायची. एकेक वस्तू काढून विचारायची, "ह्ये काय, रुतू?" मी मान हलवायचे, हातानं वापरून दाखवायचे. पळीनं ढवळायचं, लाटण्यानं लाटायचं. अगदी तीन वर्षांची असल्यासारखं. तिच्या लक्षात ते आलं होतं, कारण तिसऱ्या दिवशी ती मध्येच थांबली आणि उठून बाहेर गेली.

व्हरांड्यातून तिचा आवाज आला. पप्पांना विचारत होती, "मीच भांडी आनून घोळ केला का वो? गपगुमान बसले असते तर बरं झालं असतं का?"

मला ओरडायचं होतं. नाही, असं काही नाही, तुझ्यामुळेच. माझ्याकडे यातला एकही शब्द नव्हता. आयुष्यभर मी गप्प बसले होते, पण शब्द असूनही न बोलणं म्हणजे काय आणि शब्दच नसणं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं वस्तू काढल्या, पण विचारलं काहीच नाही. मग एकेक उचलून पिशवीत भरायला लागली.

"उद्यापासनं न्हाय आनत," ती म्हणाली. "तुला बी तरास, मला बी. डॉक्टर म्हनत्यात तसं, येळ लागंल तेवढा लागंल."

उलथनं गेलं. पळी, झारा गेला. किसणी, फणी, रीळ. पल्लवी मॅडम दारात उभ्या होत्या. आजीबाईंच्या सुटीची तयारी चालली होती, त्यांची सगळी माणसं वॉर्डात भरली होती. आईनं पिशवी खांद्याला लावली, माझ्या डोक्याच्या पट्टीवरून हात न टेकवता हात फिरवला आणि दाराकडे निघाली.

उशाजवळच्या कपाटावर, पाण्याच्या बाटलीमागं, काहीतरी राहिलं होतं. मला ते दिसलं. आई दारापर्यंत पोचली होती. बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले,

"आये, सांडशी ऱ्हायली की!"